डॉ. एव्हलिन विटहॉफ : मनिलाची छावणी व वाशीमचा दवाखाना

(१)

वाशीमचें नांव इतिहासाच्या अभ्यासकांस बहुधा वत्सगुल्म या प्राचीन नांवामुळेंच परिचित असतें. वाकाटकांच्या ज्या शाखेनें येथें राज्य केलें, तिचा संस्थापक सर्वसेन. आणि ज्या लेखामुळें त्या शाखेचा उलगडा झाला, तो द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ मध्यें वाशीम येथेंच उजेडांत आला. त्याच्या एक वर्ष अगोदर, म्हणजे १९३८ मध्यें, याच गांवीं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल या नांवाचा एक दवाखाना सुरू झाला. ताम्रपटावर विद्वानांनीं पुष्कळ लिहिलें व तें योग्यच झालें. परंतु ज्या संस्थेनें या भागांतील हजारों स्त्रियांचीं बाळंतपणें केलीं, तिचा इतिहास म्हणजे इतिहासच नव्हे अशी समजूत आपल्याकडे अद्यापि दिसून येते. ही समजूत आम्हांस मान्य नाहीं.

प्रस्तुत लेखांत आम्ही या दवाखान्याशीं संबंध आलेल्या एका स्त्री-डॉक्टरचें चरित्र पाहणार आहोंत. डॉ. एव्हलिन विटहॉफ हें तिचें नांव. ही अमेरिकन बाई १९४१ च्या अखेरीस वाशीमच्या कामासाठीं निघाली आणि वाटेंत मनिला शहरीं जपानी सैन्याच्या ताब्यांत सांपडून तीन वर्षांहून अधिक काळ स्थानबद्ध राहिली. सुटका झाल्यावर ती घरीं स्वस्थ बसली नाहीं. ठरलेल्या जागीं, म्हणजे वाशीमला, आली. एवढाच वृत्तान्त असता तर तो एका व्यक्तीच्या धैर्याचा दाखला म्हणून पुरे होता. परंतु त्यांतून दोन गोष्टी निघतात व त्यांचें महत्त्व व्यक्तीपुरतें नाहीं. एक ही कीं, दुसरें महायुद्ध वऱ्हाडांत तोफांच्या रूपानें आलें नसलें तरी आलेंच नाहीं असें म्हणतां येत नाहीं. दुसरी ही कीं, माणूस कशानें मेलें हें लिहून ठेवणारा डॉक्टर हा इतिहासाचा एक मोठा साक्षीदार असतो, आणि म्हणूनच सत्ताधाऱ्यांस त्याच्या लेखणीचें भय वाटतें.

(२)

प्रथम स्थळाचा विचार करूं. वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहानें निजामाकडून कंपनी सरकारच्या कारभाराखालीं आला व १९०२ च्या करारानें तो कायम भाडेपट्ट्यानें इंग्रजांकडे गेला. इंग्रजी अमदानींत वाशीम, तेव्हांच्या सरकारी लिहिण्यांत बासीम, हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्यें तो मोडून अकोला जिल्ह्यांत घालण्यांत आला. १९५६ मध्यें वऱ्हाड मुंबई राज्यास जोडलें गेलें, १९६० मध्यें महाराष्ट्र राज्य झालें, आणि १ जुलै १९९८ रोजीं वाशीम पुनः जिल्ह्याचें ठिकाण झालें. आमच्या कथेच्या काळांत तें अकोला जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव होतें. उत्तरेस अकोल्याचा रस्ता व दक्षिणेस पैनगंगा. नदीपलीकडे निजामाचें राज्य. मुलूख कापूस व ज्वारीचा. १८९६–९७ व १८९९–१९०० या दोन दुष्काळांच्या आठवणी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीं अजून ताज्या असलेला.

अशा भागांत स्त्रियांच्या औषधोपचाराची स्थिति कशी होती हें वेगळें सांगावयास नको. आनंदीबाई जोशी यांनीं १८८६ मध्यें अमेरिकेंत डॉक्टरची पदवी मिळविली, परंतु १८८७ च्या फेब्रुवारींत त्या निवर्तल्या व त्यांच्या विद्येचा लाभ देशास होऊं शकला नाहीं. रखमाबाईंनीं विलायतेंत वैद्यकाचें शिक्षण पुरें करून सुरतेस आयुष्याचीं अनेक वर्षें रोग्यांच्या सेवेंत घालविलीं. लेडी डफरिन यांच्या नांवाचा फंड १८८५ मध्यें निघाला व मोठ्या शहरीं स्त्रियांचे दवाखाने झाले. पण शहराबाहेर पाऊल टाकलें कीं हा प्रकाश संपे. खेड्यांतील बाळंतपण सुईणीच्या हातीं असे. तें अडलें तर नवस आणि अंगारा, आणि फारच झालें तर बैलगाडी जुंपून तालुक्याचा रस्ता. पुरुष डॉक्टर असला तरी घरची बाई त्याला दाखविण्यास घरचेच लोक राजी नसत. बाई आजारी आहे हें सांगावयाचें, लक्षणें नवऱ्यानें किंवा सासूनें बोलून दाखवावयाचीं, आणि त्यावरून औषध आणावयाचें, अशी रीत होती. सबब स्त्री-डॉक्टर ही त्या काळीं सोयीची वस्तु नव्हती. पुष्कळ घरांच्या बाबतींत ती असेल तरच डॉक्टर आहे, नसेल तर नाहीं, असा प्रकार होता.

वाशीमचें मिशनचें ठाणें पूर्वी मेथॉडिस्ट पंथाचें होतें. पुढें तें चर्च ऑफ दि नाझरीन या दुसऱ्या अमेरिकन पंथाकडे आलें. या पंथाचें काम वऱ्हाडांत बुलढाणें येथें आधींपासून चालू होतेंच. १९३६ मध्यें डॉ. ऑर्फा स्पायकर या तरुण स्त्री-डॉक्टर हिंदुस्थानांत आल्या व मुलींच्या शाळेच्या जुन्या इमारतींत त्यांनीं १९३८ मध्यें दवाखाना उभा केला. हिरॅम रेनॉल्ड्स हे या पंथाच्या परदेशांतील कार्याचे एक आद्य पुरस्कर्ते. ते १९३८ मध्येंच वारले आणि त्यांचें नांव दवाखान्यास मिळालें. अशा रीतीनें रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल झालें खरें, पण एका डॉक्टरच्या बळावर चालणारा दवाखाना हा दोरीवर चालण्यासारखा प्रकार असतो. डॉक्टर स्वतः आजारी पडली, किंवा रजेवर गेली, तर दार बंद. म्हणून दुसऱ्या डॉक्टरची गरज आरंभापासूनच होती. ती दुसरी डॉक्टर म्हणजे एव्हलिन विटहॉफ.

(३)

१९४१ च्या अखेरीस डॉ. विटहॉफ व त्यांच्या सोबतीस जेराल्डिन चॅपेल नांवाची शिकलेली परिचारिका, अशा दोघीजणी अमेरिकेहून हिंदुस्थानास येण्यास निघाल्या. यूरोपांत युद्ध चालू असल्यामुळें अटलांटिक महासागराचा मार्ग धोक्याचा होता. पॅसिफिक महासागरांतून पूर्वेकडील देशांना वळसा घेऊन येणें त्यांतल्या त्यांत निर्भय समजलें जाई. तो अंदाज चुकला. त्या फिलिपीन बेटांत मनिला येथें असतांनाच ८ डिसेंबर १९४१ रोजीं जपाननें त्या बेटांवर हल्ला चढविला. पुढची वाट बंद झाली. २६ डिसेंबरला अमेरिकन सेनापति मॅकआर्थर यांनीं मनिला हें खुलें शहर म्हणून जाहीर केलें व २ जानेवारी १९४२ रोजीं जपानी सैन्य शहरांत शिरलें.

येथें कालक्रमाकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. याच युद्धाच्या पूर्वभागांत महाराष्ट्रांतील डॉक्टर पूर्वेकडे गेले होते. १९३८ मध्यें काँग्रेसनें चीनला जें पांच डॉक्टरांचें पथक पाठविलें, त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे डॉ. चोळकर हे होते. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजीं चीनमध्येंच मरण पावले. त्या दिवशीं डॉ. विटहॉफ यांस कैदेंत जवळजवळ अकरा महिने झाले होते. एक डॉक्टर सोलापूरहून पूर्वेस गेला तो परतला नाहीं. दुसरी पूर्वेच्या वाटेनें वाशीमला यावयाची ती वाटेंतच अडकली. आणि तिसऱ्या एका स्त्री-डॉक्टरचें उदाहरण याच काळाचें आहे. सिंगापूर १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं पडलें, तेव्हां तेथें वैद्यकीचा व्यवसाय करणाऱ्या मद्रासच्या डॉ. लक्ष्मी स्वामिनाथन् यांनीं पुढें १९४३ मध्यें आझाद हिंद फौजेच्या झांशी राणी पथकाचें नेतृत्व पत्करलें. जपानी अंमल एकच, परंतु डॉ. लक्ष्मींना त्यांत देशाच्या स्वातंत्र्याची वाट दिसली, व डॉ. विटहॉफ यांना कुंपणाची भिंत. इतिहासकारानें या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं डोळ्यांपुढें ठेविल्या पाहिजेत. एका पक्षाचा राग मनांत धरून दुसऱ्याची साक्ष खोटी ठरवूं नये.

(४)

मनिलांतील अमेरिकन, इंग्रज व इतर शत्रुराष्ट्रीय नागरिकांना जपान्यांनीं सांतो तोमास विद्यापीठाच्या आवारांत आणून कोंडलें. हें विद्यापीठ १६११ मध्यें डॉमिनिकन साधूंनीं स्थापन केलेलें, म्हणजे शहाजीराजांच्या तरुणपणींचें. ४ जानेवारी १९४२ पासून तेथें छावणी सुरू झाली. तिच्यांतील लोकांची संख्या सामान्यतः तीन ते चार हजारांच्या दरम्यान असे. वर्गांच्या खोल्यांत चाळीस-पन्नास माणसें दाटीवाटीनें निजत; पुरुष निराळ्या खोल्यांत, बायका-मुलें निराळ्या. न्हाणीघरापुढें रांग, जेवणापुढें रांग, आणि भांडीं घांसण्यापुढेंहि रांग.

जपानी अधिकाऱ्यांनीं कुंपण व पहारा आपल्या हातीं ठेविला आणि आंतील कारभार बंदिवानांच्या एका कमिटीवर सोंपविला. पहिले सहा महिने खाण्यापिण्याचा भार बहुतेक फिलिपीन रेडक्रॉसवर पडला. बाहेरचे फिलिपिनो लोक, जुने नोकरचाकर व स्नेही, फाटकाशीं येऊन गांठोडीं देऊन जात. त्यांवर अनेकांचा निर्वाह झाला. ज्यांचा बाहेर कोणी नव्हता त्यांस ही सोय कोठून असणार? वाटेंत उतरलेले प्रवासी याच वर्गांत मोडत. मनिलांत त्यांचें घर नाहीं, पेढी नाहीं, ओळख नाहीं. डॉ. विटहॉफ व चॅपेल या अशा परक्यांतील परक्या होत्या.

छावणीचा वैद्यकीय कारभार बंदिवानांतील डॉक्टर व परिचारिका यांनींच चालविला. शेजारच्या सांता कातालिना नांवाच्या इमारतींत रुग्णालय थाटलें गेलें. कॉरेजिडॉर किल्ला ६ मे १९४२ रोजीं पडल्यावर अमेरिकन लष्कराच्या साठांहून अधिक परिचारिका येथें आणल्या गेल्या व त्यांनीं मॉड डेव्हिसन या आपल्या वरिष्ठ बाईंच्या शिस्तीखालीं पहिल्यासारखाच पाळ्या लावून काम चालविलें. आमांश, डेंग्यू, क्षय, व पुढें पुढें अन्नाच्या उणिवेचे विकार, अशी रोगांची परंपरा होती. औषध संपलें तर शुश्रूषेवर भागवावयाचें, आणि स्वच्छता राखून सांथ येऊं द्यावयाची नाहीं, एवढेंच डॉक्टरच्या हातीं उरलें होतें. तीन-चार हजार माणसें एका आवारांत कोंडलेलीं असूनहि मोठी सांथ उसळली नाहीं, याचें श्रेय पाणी, संडास व माशा यांवर रात्रंदिवस नजर ठेवणाऱ्या या लोकांस दिलें पाहिजे.

१९४४ च्या फेब्रुवारींत छावणी जपानच्या मुलकी खात्याकडून लष्कराकडे गेली. फाटकावरील गांठोडीं बंद झालीं. बाहेरील जगाशीं संबंध तुटला. शिधा महिन्यामागून महिना उतरत गेला. भाताची पातळ पेज, थोडा मका, आवारांत पिकविलेल्या पालेभाज्या, हें अन्न. १९४५ च्या जानेवारींत माणशीं दररोज सुमारें ७०० उष्मांक एवढेंच अन्न मिळत होतें. काम न करतां पडून राहणाऱ्या माणसालाहि याच्या दुपटीहून जास्त लागतें. पुरुषांचें वजन तीन वर्षांत सरासरी पन्नास पौंडांहून अधिक उतरलें, असें छावणीच्या डॉक्टरांस आढळून आलें.

(५)

आतां या सर्व वृत्तान्तांतील मुद्द्याच्या प्रसंगाकडे येतों. जानेवारी १९४५ मध्यें छावणींत माणसें भुकेनें मरूं लागलीं. छावणीचे प्रमुख डॉक्टर थिओडोर स्टीव्हन्सन हे मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून "उपासमार" व "अपुरें पोषण" असे शब्द लिहीत. जपानी अधिकाऱ्यांनीं हे शब्द काढून टाकण्यास सांगितलें. दुसरा कोणताहि रोग लिहावा. हृदय बंद पडलें असें लिहावें, कारण शेवटीं हृदय बंद पडतेंच. स्टीव्हन्सन यांनीं नकार दिला. त्याबद्दल त्यांस छावणीच्या तुरुंगांत टाकण्यांत आलें.

तीन ओळींचा दाखला. तोहि शत्रूच्या कुंपणांत, जेथें तो वाचावयास कोणी नाहीं. मग एवढा हट्ट कां? आणि हुकूम देणाऱ्यास तरी त्याची एवढी भीति कां? दोन्ही प्रश्नांचें उत्तर एकच आहे. रोग हा दैवाकडून येतो. उपासमार मनुष्याकडून येते. "हृदयविकार" लिहिलें कीं मृत्यूचा हिशेब तेथेंच मिटतो. "उपासमार" लिहिलें कीं शिधा कोणाच्या हातीं होता हा प्रश्न उभा राहतो, व तो पुढें केव्हां तरी कोणी तरी विचारणारच.

हा प्रकार जपान्यांपुरताच होता असें मानण्याचें कारण नाहीं. त्याच युद्धांत, १९४३ मध्यें, बंगालमध्यें लाखों माणसें अन्नावांचून मेलीं. परंतु इंग्रज सरकारनें दुष्काळाच्या कायद्याप्रमाणें "दुष्काळ" असें कधींच जाहीर केलें नाहीं. वुडहेड कमिशननें १९४५ मध्यें मृतांचा आंकडा सुमारें १५ लक्ष धरला, आणि पुढील अभ्यासकांनीं तो ३० लक्षांच्या आसपास नेला. आपल्या वऱ्हाडांतील जुनीं मृत्यूचीं कोष्टकें पहावीं. गांवच्या पाटलानें तोंडी माहितीवरून खबर द्यावयाची, आणि सरकारी रकान्यांत पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, इजा व "इतर" यांपैकीं कोठें तरी ती बसवावयाची. भुकेनें खंगलेला माणूस शेवटीं तापानें किंवा हगवणीनेंच जातो. म्हणून दुष्काळाच्या वर्षांत "ताप" हा रकाना फुगतो व भुकेस रकानाच नसतो. अशा कोष्टकांवरून इतिहास लिहूं पाहणारानें स्टीव्हन्सन यांचा नकार सदैव ध्यानीं ठेवावा. कारणाच्या रकान्यांत काय लिहिलें आहे याच्या आधीं तें कोणी लिहिलें, आणि त्यास खरें लिहिण्याची मुभा होती काय, हें विचारलें पाहिजे.

डॉ. विटहॉफ यांचें महत्त्व आमच्या मतें येथेंच आहे. जेथें डॉक्टरला सत्य लिहिण्याबद्दल कैदेंतल्या कैदेंत जावें लागलें, त्या छावणींतून त्या आल्या होत्या. सुटकेनंतर त्यांनीं व जेराल्डिन चॅपेल यांनीं मिळून सांतो तोमास येथील तीन वर्षांच्या स्थानबद्धतेचा वृत्तान्त पुस्तकरूपानें प्रसिद्ध केला. लिहिणाऱ्या दोघी, एक डॉक्टर व एक परिचारिका. म्हणजे शरीर कसें झिजतें हें ओळखण्याचें शिक्षण मिळालेल्या. त्यांचें पुस्तक आपल्या पंथाच्या वाचकांसाठीं आहे आणि ईश्वरी कृपेचा अनुभव सांगणें हा त्याचा हेतु आहे. हें ध्यानांत घेऊनहि, प्रत्यक्ष भोगणाऱ्या वैद्यकशिक्षित स्त्रियांची साक्ष म्हणून त्याची किंमत कमी होत नाहीं.

(६)

३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्रीं अमेरिकेच्या पहिल्या घोडदळ तुकडीचे रणगाडे छावणीचें फाटक फोडून आंत शिरले. नांव घोडदळाचें, परंतु घोडे केव्हांच गेलेले. जपानी शिपायांनीं एका इमारतींत सुमारें दोनशें बंदिवान ओलीस धरले होते. वाटाघाटी होऊन ५ फेब्रुवारीस त्यांची सुटका झाली व जपान्यांस जाऊं देण्यांत आलें. ३,७०० हून अधिक माणसें मुक्त झालीं. परंतु मुक्ततेनंतरहि ७ फेब्रुवारीस आवारावर तोफांचा मारा झाला आणि तीन वर्षें तग धरून राहिलेले कांहीं जीव शेवटच्या आठवड्यांत गेले.

छावणीच्या कथेंत मग्न होऊन कुंपणाबाहेरील लोकांस विसरणें मात्र अन्यायाचें होईल. मनिलाची लढाई ३ मार्चपर्यंत चालली आणि तींत सुमारें एक लक्ष फिलिपिनो नागरिक मारले गेले. ज्यांनीं फाटकाशीं गांठोडीं आणून दिलीं, त्यांतलेच हे लोक. कुंपणाच्या आंत सांपडलेले लोक त्या बेटांच्या राज्यकर्त्या वर्गांतील होते. त्यांचीं दैनंदिन्या व पुस्तकें पुष्कळ आहेत. बाहेर मेलेल्यांची नांवें एकत्र लिहिलेलीं सांपडणें कठीण. साधनें ज्यांच्याजवळ कागद व पेन असतो त्यांच्या बाजूनें नेहमींच झुकतीं असतात.

(७)

मुक्ततेनंतर डॉ. विटहॉफ अमेरिकेस गेल्या, आणि प्रकृति सांवरल्यावर पुनः हिंदुस्थानच्या वाटेस लागल्या. १९४१ मध्यें निघालेला प्रवास असा सुमारें चार वर्षांच्या खोळंब्यानें पुरा झाला व त्या वाशीमच्या दवाखान्यांत डॉ. स्पायकर यांच्या जोडीस रुजू झाल्या.

या चार वर्षांत वाशीमनें काय गमावलें याचा अंदाज केला पाहिजे. दुसरी डॉक्टर नाहीं, हा तर पहिला तोटा. शिवाय १९४२ च्या मार्चमध्यें जावा बेट जपानच्या हातीं गेलें. जगांतील बहुतेक क्विनाईन त्याच बेटांतून येत असे. हिंवताप हा तर आपल्याकडील पावसाळ्याचा ठरलेला पाहुणा. क्विनाईन दुर्मिळ होऊन तें महाग झालें. त्यामुळें ज्या खेड्यांनीं जावाचें नांवहि ऐकलें नव्हतें, तेथील तापकऱ्यांना जावाचा पाडाव अंगांत भोगावा लागला. ब्रह्मदेशांतून येणारा तांदूळ बंद झाला. धान्याचे भाव चढले व रेशन आलें. मनिलाच्या फाटकावर अडलेली डॉक्टर, जावांत अडलेलें क्विनाईन आणि ब्रह्मदेशांत अडलेला तांदूळ, हे तिन्ही एकाच युद्धाचे तालुक्यापर्यंत पोहोंचलेले परिणाम होत. वऱ्हाडांत युद्ध झालें नाहीं असें लिहिणाऱ्यांनीं हे परिणाम जमेस धरलेले दिसत नाहींत.

डॉ. विटहॉफ आल्या तो काळहि शांततेचा नव्हता. १९४७ मध्यें स्वातंत्र्य आलें, पण पैनगंगेपलीकडे निजामाची राजवट सप्टेंबर १९४८ पर्यंत राहिली. रझाकारांच्या त्रासामुळें मराठवाड्यांतून अनेक कुटुंबें वऱ्हाडांत आश्रयास आलीं. सरहद्दीजवळच्या तालुक्यांत त्या दिवसांची धास्ती काय होती, हें त्या पिढीच्या तोंडून पुष्कळांनीं ऐकलें आहे.

दवाखान्याचें काम पुढें वाढत गेलें. परिचारिकांचें शिक्षण तेथेंच होऊं लागलें, आणि आमच्या दृष्टीनें हें सर्वांत टिकाऊ कार्य होय. परदेशी डॉक्टर कितीहि वर्षें राहिली तरी एक दिवस जाणारच. येथील मुलगी शिकून तयार झाली तर तिची विद्या या मातींत राहते. नवऱ्यानें टाकलेल्या, विधवा झालेल्या किंवा गरिबीमुळें शाळा सोडलेल्या मुलींना त्या काळीं पोटापाण्याचे मानाचे धंदे फार थोडे होते. परिचारिकेचें काम हा त्यांतील एक झाला.

मनिलांतील अनुभव व वऱ्हाडांतील रोग यांत एक विलक्षण साम्यहि आहे. कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळावर जगणाऱ्यांना बेरीबेरी होतो; ज्वारी खाणाऱ्या आपल्या लोकांत तो सहसा आढळत नाहीं. परंतु केवळ ज्वारीवर दिवस काढणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नांवाचा त्वचेचा व मेंदूचा विकार दिसतो, हें दख्खनच्या पठारावरील रोग्यांच्या अभ्यासावरून सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६० मध्यें पुढें मांडलें. दोन्ही विकारांचें मूळ एकच धान्य खाऊन राहण्याच्या सक्तींत आहे. छावणींत ती सक्ति बंदुकीची होती. खेड्यांत ती दारिद्र्याची असते. रोगी पाहणाऱ्या डॉक्टरला दोहोंकडे काया एकाच रीतीनें खंगलेली दिसते.

डॉ. विटहॉफ यांनीं आपल्या पंथाच्या हिंदुस्थानांतील कार्याचा वृत्तान्त "ओह, डॉक्टर!" या इंग्रजी पुस्तकांत लिहिला. तें १९६२ मध्यें प्रसिद्ध झालें. वाशीमसंबंधीं हें एक उपयोगी साधन आहे, व येथील अभ्यासकांनीं त्याचा उपयोग केला पाहिजे.

(८)

या कार्याचें मोजमाप करतांना एक गोष्ट झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. धर्मप्रसार हा मिशनचा उघड हेतु होता, आणि दवाखाना हें त्याचें एक अंग होतें. वऱ्हाड ज्या मध्यप्रदेश राज्यांत होतें त्या राज्याच्या सरकारनें न्यायमूर्ति भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या कमिटीनें १९५६ मध्यें दिलेल्या अहवालांत, वैद्यकीय सेवा धर्मांतराचें साधन होऊं नये अशी शिफारस केली. तो प्रश्न खरा आहे. रोगी दुबळा असतो व दुबळ्यावर उपकाराचें दडपण पडतें. परंतु या प्रश्नाचा निर्णय कसाहि होवो, जेथें दुसरा कोणी गेला नव्हता तेथें या स्त्रिया गेल्या, ही वस्तुस्थिति बदलत नाहीं. आणि त्यांच्या हेतूवर टीका करणारांनीं हाहि प्रश्न स्वतःस विचारावा कीं, १९३८ मध्यें वाशीमला स्त्रियांसाठीं दवाखाना काढण्यास आपल्यापैकीं कोण पुढें आला होता? पैसा नव्हता असें नाहीं. कापसाच्या व्यापारानें वऱ्हाडांत पैसा खेळत होता.

शेवटीं अभ्यासकांस एक विनंति. इतिहास-संशोधक मंडळांनीं आजवर सनदा, बखरी, ताम्रपट व दफ्तरें जमविलीं. त्यांच्या जोडीस आतां दवाखान्यांच्या जुन्या नोंदवह्या, प्रसूतीचीं पुस्तकें, सुईणींस दिलेले दाखले, गांवोगांवच्या जन्ममृत्यूच्या वह्या हेहि कागद आले पाहिजेत. हे कागद राजांचे नसल्यामुळें कोणी जपत नाहीं. दवाखान्याची इमारत बदलली, कीं ते प्रथम रद्दींत जातात. ते तपासणारानें त्यांतील स्त्रियांचीं नांवें चव्हाट्यावर आणूं नयेत, एवढें पथ्य पाळावें. परंतु कोणत्या वर्षीं कोणत्या गांवच्या किती बाया बाळंतपणांत दगावल्या, किती मुलें पहिल्या वर्षांत गेलीं, व कारण म्हणून काय लिहिलें गेलें, एवढें त्यांतून काढलें तरी वऱ्हाडचा एक निराळाच इतिहास हातीं येईल. वाशीमचा ताम्रपट कोणत्या राजानें कोणास भूमि दिली हें सांगतो. त्या भूमीवर पुढें माणसें कशीं जगलीं व कशानें मेलीं, हें सांगणारे कागद आपल्या हयातींतच जमविले पाहिजेत.